करंगळीएवढी धार

अक्का कुणाच्याही घरी गेल्या की आधी बसत नसत. सरळ स्वयंपाकघरात जात, नळ सोडत, धारेखाली उजव्या हाताची करंगळी धरत आणि दुसऱ्या हातानं नळ हळूहळू आवळत. धार करंगळीएवढी झाली की मागे वळून म्हणत, "एवढं पुरे. पातेलं घासायला नदी लागत नाही." मग पदराला करंगळी पुसून खुर्चीत बसायचं आणि विचारायचं, "हं, आता सांग मा, कशी आहेस?"

मी नागपूरची. नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि महादेवपुऱ्यातल्या एका चार मजली इमारतीत भाड्यानं राहू लागले. माझ्या दारासमोरचं दार अक्कांचं. दारावर त्यांच्या यजमानांच्या नावाची पितळी पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. इमारतीतले कानडी, तमिळ, ओडिया, दिल्लीकर, सगळे त्यांना अक्काच म्हणत. उंच, काटक बाई. सत्तरी कधीच ओलांडलेली. इस्त्रीची सुती साडी आणि अंबाड्यावर मोगऱ्याचा आखूड गजरा. हा गजरा घरातल्या कुंडीतला असे आणि ती कुंडी तांदळाच्या धुवणावर वाढलेली असे, हे त्या न विचारता सांगत.

आमची ओळख मात्र दारातून झाली नाही. माझ्या आणि त्यांच्या न्हाणीघराच्या खिडक्या एकाच अरुंद डक्टमध्ये उघडत. मी राहायला आल्यावरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी दात घासत होते. डोळ्यांवर झोप, नळ सुरू. तेवढ्यात खिडकीतून शुद्ध शिक्षिकेचा आवाज आला, आधी कानडीत, मग इंग्रजीत. मला काही सुधरेना. मी घाबरून माझ्याच भाषेत बोलले, "कोण आहे बाप्पा?"

पलीकडचं इंग्रजी थांबलं. मग मराठी. "मराठी आहेस होय? दात घासताना नळ बंद कर मा. सगळ्या इमारतीला ऐकू येतं."

मी नळ बंद केला. चूळ भरायचीही भीती वाटली.

संध्याकाळी त्या वाटीभर आंबट-गोड सार घेऊन आल्या. करंगळीचा कार्यक्रम आटोपला आणि मग बसल्या. त्यांच्या घराण्याची कितीतरी पिढ्यांपूर्वीची माणसं महाराष्ट्रातून इकडे आलेली. "आमचे लोक घोड्यावरून आले, तू विमानातून आलीस. एवढाच फरक," त्या म्हणाल्या. त्यांची मराठी ऐकताना मला जुन्या पेटीतली साडी उलगडल्यासारखं वाटे. काही शब्द मी फक्त आजीच्या तोंडून ऐकलेले, आणि मध्येच कानडी 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'सरी' म्हणजे ठीक, 'बेड' म्हणजे नको. माझं बोलणं त्यांना तितकंच मजेशीर वाटे. एकदा मी म्हटलं, "मीटिंग करून राहिले होते, म्हणून दार उघडलं नाही." त्या म्हणाल्या, "करून राहिलीस? कुठे राहिलीस?" आणि मग कितीतरी वेळ एकट्याच हसत बसल्या. पुढे दार वाजवताना त्या बाहेरूनच विचारत, "काय करून राहिलीस?"

जन्मभर त्यांनी राजाजीनगरातल्या शाळेत लहान मुलांना कानडी शिकवलं होतं. घरही तिथेच होतं, अंगणात शेवग्याचं झाड असलेलं. मुलीचं ऑफिस महादेवपुऱ्याकडे, म्हातारपणी तिच्याजवळ असावं म्हणून ते घर विकून इथला फ्लॅट घेतला. वर्षभरात मुलीनं नोकरी बदलली आणि ती विमानतळापलीकडे, देवनहळ्ळीला राहायला गेली. अक्का हे सांगताना तक्रार करत नसत. "आम्ही तिच्या मागे आलो, ती विमानतळाच्या मागे गेली," एवढंच म्हणत.

घरात दोघंच. यजमान बँकेतून निवृत्त झालेले, गोरे, उंच, घरातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारे. मी दिसले की ते थांबून अदबीनं विचारत, "ऊट आयता?" सकाळचे आठ असोत की दुपारचे चार. अक्का मागून हळूच सांगत, "जेवण झालं का विचारतायत. हो म्हण." मी हो म्हणे. ते समाधानानं मान हलवत आणि कठड्यापर्यंत जाऊन परत येत. मी तिथेच असले तर पुन्हा विचारत. पुन्हा मी हो म्हणे. विसरण्याचा आजार जडला होता त्यांना. अक्का त्याला आजार म्हणत नसत. "स्वल्प विसरतात," असं म्हणत.

मग तो उन्हाळा आला. बेंगळुरूत जे तेव्हा होते त्यांना कोणता ते सांगावं लागणार नाही. आमच्या इमारतीची बोअरवेल एका दुपारी नुसती हवा ओकू लागली. टँकरवाले फोन उचलेनासे झाले. लिफ्टमध्ये रोज नवा कागद. पिण्याच्या पाण्यानं गाडी धुवायची नाही, झाडांना घालायचं नाही, धुतली तर दंड. प्रत्येक नळाच्या तोंडाला बारीक जाळी बसवायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते, धार भरल्यासारखी वाटते आणि पाणी मात्र निम्म्याहून कमी लागतं. शहराच्या पाणीखात्यानं प्रत्येक इमारतीतून एकेक स्वयंसेवक मागितला. पार्किंगमधल्या बैठकीत सेक्रेटरींनी विचारलं, कोण? सगळे मोबाइलकडे बघू लागले. अक्कांनी वर्गातल्या मुलीसारखा हात वर केला.

त्या एक दिवस प्रशिक्षणाला गेल्या आणि फिकट निळी टोपी घेऊन परत आल्या. टोपी अंबाड्यावर बसेना. अक्कांनी ती पुढे कपाळावर ओढली, मागे आकडे लावले आणि गजरा टोपीच्या पट्ट्यावर गुंडाळला. तशाच त्या घराघरांत फिरू लागल्या. सरकारी टोपीवर मोगरा घातलेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तुम्ही अशा मोहिमा पाहिल्या असतील. पत्रकं वाटतात, घोषणा देतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी नळ पुन्हा पहिल्यासारखे वाहतात. अक्कांनी पत्रकं मोलकरणीला फळीवर अंथरायला देऊन टाकली. त्यांची रीत वेगळी होती. चैत्र सुरू होता. त्यांनी इमारतीतल्या सगळ्या बायकांना चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बोलावलं. ओडिया बाईला हळदीकुंकू काय ते माहीत नव्हतं, तमिळ बाईला माहीत होतं पण आंब्याची डाळ माहीत नव्हती. पितळी झोपाळ्यात गौर बसलेली, पुढे कलिंगडाचं कमळ कापून ठेवलेलं. पन्ह्याचे पेले अर्धेच भरलेले. "हवं तर आणखी घ्या, पण टाकू नका," असं त्या प्रत्येकीला तिच्या तिच्या भाषेत सांगत होत्या. ओटी भरताना त्यांनी प्रत्येकीच्या हातात वाण ठेवलं. बघितलं तर नळाची जाळी.

"अक्का, हे वाण?" मी विचारलं.

"मग काय प्लॅस्टिकचा डबा देऊ? देवीसमोर घेतलंय, आता बसवल्याशिवाय चालत नाही."

तसा नियम कुठल्याच शास्त्रात नसावा. पण त्या आठवड्यात इमारतीतल्या बहुतेक नळांना जाळ्या बसल्या. त्यांनी आणखीही पुष्कळ शिकवलं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची वाया जाणारी नळी बादलीत सोडायची आणि त्या पाण्यानं फरशी पुसायची. कपड्यांच्या मशीनचं शेवटचं पाणी संडासाला ठेवायचं. शॉवरला त्या 'घरातला धबधबा' म्हणत आणि अंघोळ बादलीनंच होते, बाकी नुसतं भिजणं, असं त्यांचं ठाम मत होतं.

तिसऱ्या मजल्यावर एक दिल्लीकर साहेब राहत. मोठी पांढरी गाडी. रोज सकाळी पाइप लावून ती धुवायची हा त्यांचा नेम. नोटीस लागली तरी चुकला नाही, फक्त वेळ अलीकडे आली. सेक्रेटरी दोनदा बोलून आले, भांडण झालं. अक्का बोलायला गेल्याच नाहीत. एका सकाळी त्या टोपी घालून, अर्धी बादली आणि जुन्या साडीचा धडपा घेऊन खाली उतरल्या आणि त्यांची गाडी पुसू लागल्या. काच, आरसे, दारं. अगदी निगुतीनं, देवघर पुसावं तसं. साहेब पाइप घेऊन आले तर गाडी अर्धी चकचकीत झालेली.

"आंटीजी, ये आप क्या कर रही हैं? छोड़िए, प्लीज़."

"होत आलंच," अक्का हिंदीत म्हणाल्या, "तुम्ही पलीकडची बाजू घ्या."

साहेबांनी पाइप खाली ठेवला आणि पलीकडची बाजू घेतली. पुढे ते स्वतः बादली-धडपा घेऊन उतरत. एकदा त्यांनी मला ऐकवलं की असं पुसल्यानं रंग जास्त टिकतो. जणू काही शोध त्यांचाच.

हे सगळं चांगलं चाललं होतं, आणि एके दिवशी अक्कांचं फिरणं थांबलं.

टोपी दिसेना. दार वाजवून "काय करून राहिलीस" विचारणं बंद झालं. मी गेले तर दार अर्धंच उघडत. "यजमानांना बरं नाही, नंतर ये." दिसत तेव्हा कमरेवर हात असे, चालणं वाकलेलं. गजराही नव्हता. मी डॉक्टरांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "वयाला डॉक्टर नसतो."

त्याच दिवसांत इमारतीत नवी कुरबुर सुरू झाली. पाणी सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळच सोडत होते, आणि संध्याकाळी वरची टाकी बघता बघता रिकामी व्हायची. कुठेतरी नळ उघडा राहत होता. संशय तळमजल्यावरच्या फ्लॅटवर गेला. तिथे चार पोरं राहत होती, नुकतीच नोकरीला लागलेली, केरळची. बिनलग्नाची, परकी, उशिरापर्यंत गाणी लावणारी. दोषी ठरायला एवढं पुरतं. सेक्रेटरींनी त्यांच्या घरमालकाला फोन केला आणि या महिन्यात पोरांना हलवा म्हणून सांगितलं.

मी बहुतेक दिवस घरूनच काम करत असे. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला मला डक्टमधून पाण्याचा आवाज ऐकू येई. सलग, एकसारखा. तो तळमजल्यावरून येत नव्हता. तो समोरून येत होता.

माझा कानांवर विश्वास बसेना. ज्यांनी माझी चूळ भरायचीसुद्धा सवय बदलली, त्यांच्या घरी? मी एका संध्याकाळी जाऊन दार वाजवलं. ते नुसतंच लोटलेलं होतं, उघडलं. न्हाणीघराचा दिवा सुरू होता. आत यजमान स्टुलावर बसले होते, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या, दोन्ही हात नळाखाली धरलेले. धार चांगली मोठी. त्यांचा चेहरा मी इतका निवांत कधीच पाहिला नव्हता. खाली परात होती. परात भरली की अक्का ती उचलून बादलीत ओतत, भरलेली बादली ओढत स्वयंपाकघरात नेत, रिकामी आणून ठेवत. घरात जिकडे बघावं तिकडे पाणी भरून ठेवलेलं. पिंप, हंडे, पातेली, प्रेशर कुकरसुद्धा. काही फरशीवर सांडलेलं.

त्यांनी मला पाहिलं. थांबल्या नाहीत. बादली ठेवून म्हणाल्या, "दार लावून घे."

मी दार लावलं आणि पुढची बादली मी उचलली. काही वेळानं यजमानांनी आपणहून हात मागे घेतले. अक्कांनी नळ बंद केला, त्यांचे हात एकेक बोट करत पुसले आणि त्यांना पलंगावर नेऊन निजवलं. मग स्वयंपाकघरात येऊन त्या ओट्याला टेकल्या.

"दिवस मावळायला लागला की घाबरतात," त्या म्हणाल्या. "दाराकडे जातात. घरी जायचं म्हणतात. कुठलं घर ते सांगत नाहीत. राजाजीनगर म्हटलं तर ते नाही म्हणतात. मला ओळखत नाहीत त्या वेळी. एकदा हात धुवायला नेलं, तर नळाखाली हात धरून बसूनच राहिले. शांत. मी नळ बंद केला तर लहान पोरासारखे रडले. मी केलाय गं बंद, पुष्कळदा केलाय. रडतात."

मी खाली बसून फरशीवरचं पाणी फडक्यानं टिपू लागले.

"एक थेंब मोरीत जाऊ देत नाही मी. पण किती साठवणार? सांडतंच." त्या स्वतःच्या ओल्या पदराकडे बघत राहिल्या. "सगळ्यांचे नळ आवळून आले. माझ्या घरचाच आवळता येईना."

मी म्हटलं, मी सेक्रेटरींशी बोलते, त्यांना समजेल. त्यांनी मान हलवली. "बेड. माझं मी सांगते."

रविवारी बैठक होती. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. पोरांचा विषय निघाला. चौघं एका खांबाला टेकून उभी होती. त्यातलं एक पोर इंग्रजीत सांगत होतं की आम्ही संध्याकाळी घरी नसतोच, आणि कुणी ऐकत नव्हतं. यजमानांना शेजारच्या बाईंकडे बसवून अक्का आल्या होत्या. हातात ती निळी टोपी. त्या उभ्या राहिल्या.

"तो नळ आमचा आहे," त्यांनी कानडीत सांगितलं. मग हिंदीत. मग त्या पोरांकडे बघत इंग्रजीत. आवाज शाळेतला, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. यजमानांची गोष्ट मात्र त्यांनी एकदाच सांगितली, कानडीत आणि थोडक्यात. दया येईल असं एकही वाक्य त्यात नव्हतं. "या मुलांचा काही दोष नाही. त्यांना घर सोडायला सांगू नका. आणि ही टोपी दुसऱ्या कुणाला तरी द्या."

टोपी त्यांनी टेबलावर ठेवली.  मागच्या रांगेतले एक गृहस्थ पुटपुटले, की मग आम्ही इतके दिवस बादल्यांनी अंघोळी कशाला केल्या. त्यांचंही तसं चुकलं नव्हतं. अक्कांनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. मी त्यांची मान खाली गेलेली त्या एकाच वेळी पाहिली.

उठले ते तिसऱ्या मजल्यावरचे साहेब. ते बैठकीला उद्देशून काही बोलले नाहीत. अक्कांजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "आंटीजी, उनको पानी चाहिए या बहता पानी चाहिए?"

अक्कांनी मान वर केली.

"मेरे पास मछलियों वाला पंप पड़ा है," साहेब म्हणाले. मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून त्यांच्या घरची माशांची काचपेटी रिकामी होती. तिचा छोटा पंप तेवढा शिल्लक होता. तेच पाणी खालून वर, वरून खाली. बादलीभर पाणी दिवसभर फिरेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी बाल्कनीत ते जमवलं. अक्कांचं जुनं तांब्याचं घंगाळ, त्यात पंप, पंपाची नळी एका पोकळ बांबूतून वर नेलेली, आणि बांबूच्या तोंडातून पाण्याची धार पुन्हा घंगाळात. केरळच्या पोरांपैकी एकानं वायरचं काम करून दिलं. साहेब इतके खूश की त्यांनी खाली जाऊन मिठाई आणली. संध्याकाळी यजमानांना बाल्कनीत आणलं. त्यांनी घंगाळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, "ऊट आयता?" विचारलं आणि सरळ आत न्हाणीघरात निघून गेले.

आमचे चेहरे पडले. अक्का मात्र साहेबांना म्हणाल्या, "स्वल्प टाइम द्या. लग्नानंतर माझ्याशीसुद्धा ते पुष्कळ दिवसांनी बोलले होते."

पुढचे काही दिवस तसेच गेले. संध्याकाळी नळ, परात, बादल्या. आता ओझी उचलायला कुणी ना कुणी येत असे, कधी मी, कधी ओडिया बाई, कधी ती पोरं. बाल्कनीत पाणी आपलं एकटंच फिरत राही. एका संध्याकाळी मी गेले तेव्हा घरात बादलीचा आवाज नव्हता. आत डोकावले. अक्का बाल्कनीत पाटावर बसल्या होत्या, दोन्ही हात घंगाळातल्या धारेखाली धरून. यजमानांना त्यांनी बोलावलं नव्हतं, त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. ते दारात उभे राहून बराच वेळ पाहत होते. मग हळूहळू आले, बाह्या दुमडल्या, शेजारी बसले आणि अक्कांच्या हातांना थोडं बाजूला सारून आपले हात धारेखाली धरले. जागा पुरत नव्हती. चार हात एकमेकांवर आले. अक्कांनी हात काढले नाहीत.

मी आवाज न करता परत फिरले.

सगळं त्या दिवसापासून सुरळीत झालं असं नाही. एखाद्या संध्याकाळी ते न्हाणीघराकडेच जात, आणि मग तिथलाच नळ सोडावा लागे. पण बहुतेक दिवस घंगाळ पुरलं. टोपी कुणी घेतलीच नव्हती. सेक्रेटरींनी ती गुपचूप अक्कांच्या दाराच्या कडीला अडकवली. अक्का पुन्हा फिरू लागल्या, कमरेला पट्टा बांधून. आता कुणाचा नळ मोठा दिसला तर त्या आधी विचारत, "घरात सगळं बरं आहे ना?" आणि मग आवळत.

पाऊस आला, तळी भरली, टँकरवाले पुन्हा फोन उचलू लागले. थंडीत यजमान गेले. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं. अक्का रडल्या नाहीत. आल्यागेल्यांना पाणी विचारत होत्या. तेरावं झालं आणि मुलगी त्यांना देवनहळ्ळीला घेऊन गेली. जाताना त्या प्रत्येक मजल्यावर जाऊन आल्या. माझ्याकडे बसल्या नाहीत. म्हणाल्या, "बसले तर उठवणार नाही मा."

लोक म्हणतात, मोठ्या शहरात शेजार नसतो. मला तो चांगला भरपूर मिळाला आणि मग गेला, त्यामुळे मला तसं म्हणताही येत नाही. समोरच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत, भेटलो की हसतात. दिवसभर मी हिंदीत आणि इंग्रजीत बोलते, दुकानात मोडकं कानडी. संध्याकाळ झाली की कुणीतरी माझ्या 'करून राहिले'ला हसावं असं फार वाटतं. नागपूरला आईशी फोनवर बोलते, पण तिला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, तीही तसंच बोलते. मराठी लोक या शहरात पुष्कळ आहेत. अक्कांची मराठी बोलणारं मला तरी दुसरं कुणी भेटलं नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेल्या. मुलगी म्हणाली, त्रास झाला नाही. मी तिला म्हटलं की मी येते, आणि गेलेही, पण तिथे जे निजवलेलं होतं ते मला आठवायचं नाही.

मला आठवायची आहे ती त्याआधीची भेट. डिसेंबरमध्ये मी बसनं देवनहळ्ळीला गेले होते. किल्ल्याजवळच्या थांब्यावर अक्का उभ्या होत्या, बारीक झालेल्या, पण साडी इस्त्रीची. मला वाटलं मुलीच्या घरी जाऊ. त्यांनी रिक्षा थांबवली आणि म्हणाल्या, "घरी मागून. आधी तुला एक जागा दाखवते."

रिक्षा गावाबाहेर बरीच लांब गेली. शेतं संपून प्लॉट सुरू झाले. डांबरी रस्ते तयार, विजेचे खांब तयार, घर मात्र एकही नाही. पिवळे रंगवलेले हद्दीचे दगड ओळीनं उभे आणि मधूनमधून वाळलेलं गवत. डोक्यावरून विमानं उतरत होती. अक्कांनी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं आणि त्या दगडांमधून चालू लागल्या.

"हे ह्यांचं गाव," त्या म्हणाल्या. "लहानपणीच सुटलं. मला कधी दाखवलं नाही, कधी बोललेही नाहीत. तेराव्याला त्यांची चुलत बहीण आली होती, खूप म्हातारी. तिनं सांगितलं."

एका जागी विहिरीचा बुजवलेला गोल दिसत होता, कडेचे चार दगड उरलेले. तिथून जमिनीत एक उथळ खळगी लांबवर गेली होती.

"इथे मोट होती. हा पाट. त्यांची आई दुसऱ्यांच्या मळ्यात कामाला यायची. ह्यांना इथे कडेला बसवायची, हात पाण्यात ठेवायला सांगायची आणि म्हणायची, हात काढू नकोस, दिवस मावळला की मी येतेच. मग पोर कुठे जात नसे. पाण्यात हात घालून तिची वाट बघत बसायचं. दिवस मावळला की ती यायची." अक्कांनी वाकून एका दगडावरची धूळ हातानं पुसली. "ते सहा वर्षांचे होते तेव्हा गेली ती."

ऊन उतरत होतं. लांबवर एक पाण्याचा टँकर धूळ उडवत कुठल्याशा बांधकामाकडे चालला होता. 

मग अक्का म्हणाल्या, "पलीकडे जाऊ. तिकडून विहीर नीट दिसते."

पाट कोरडा ठणठणीत होता, तळाला भेगा, दोन-चार काटेरी झुडपं, कुणीतरी टाकलेली सिमेंटची पिशवी. अक्कांनी चपला काढून एका हातात घेतल्या. दुसऱ्या हातानं निऱ्या घोट्याच्या वर उचलल्या. आणि पाय जपून, आधी चाचपत, मग टेकवत, त्या पाटात उतरल्या. मध्यावर पोचल्यावर मागे वळल्या. मी अजून काठावरच होते.

"ये मा," त्या म्हणाल्या. "खोल नाहीये."